नेटिव्ह की ओरिजिन, ठरवून या

मघाशी आमच्या धाकटीने इंग्रजीचं पुस्तक मांडीवर घेऊन विचारलं, "बाबा, नेटिव्ह आणि ओरिजिन यांत फरक काय?"

मी म्हणालो, "आईला विचार."

तिची आई इंग्रजीच्या वाटेला कधी गेलेली नाही. धाकटी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आतून सुमनच म्हणाली, "सांगा की. तुमच्या शाळेत चांदवडकर सर हेच तर शिकवायचे. सगळ्या नाशिक रोडला ठाऊक आहे, आणि तुम्हाला नाही?"

मला ठाऊक आहे. म्हणजे दोन उत्तरं ठाऊक आहेत, दोन्ही सरांचीच, आणि एकमेकांच्या विरुद्ध. त्यांतलं कुठलं धाकटीला सांगावं हे मला खरोखरच कळलं नाही. पहिलं उत्तर बदलून दुसरं का झालं, त्यात माझा हात किती, हे गेली कित्येक वर्षं मला नीट कळलेलं नाही. लिहिताना कदाचित कळेल असं वाटलं, म्हणून बसलो आहे.

डी. एस. चांदवडकर आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. मी भूगोलाचा. सत्तर-बहात्तरच्या सुमारास मी शाळेत लागलो तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले, बुशशर्टाच्या खिशाला दोन पेनं. लाल पेन मुलांसाठी, निळं स्वतःसाठी. सायकलला घंटी होती, पण ती त्यांनी कधी वाजवल्याचं मी ऐकलं नाही. वाटेत माणूस आला तर "जरा बाजूला, दादा," आणि म्हैस आली तर "एक्स्क्यूज मी, मॅडम." मी एकदा विचारलं, म्हशीशी इंग्रजी का? म्हणाले, "मराठी तिला कळतं हो. कळून हलत नाही. इंग्रजी ऐकून निदान चमकते."

वर्गात त्यांची एक रीत होती. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने चौकट आखायची आणि रोज तिच्यात दोन इंग्रजी शब्द लिहायचे. त्याला ते 'आजची जोडी' म्हणत. वरवर एकाच अर्थाचे, आतून वेगळे असे शब्द. मग उजव्या हाताची दोन बोटं जुळवून वर धरायची. "बघा, लांबून एक दिसतात." आणि हळूच ती बोटं फाकवायची. "जवळून?" सगळा वर्ग ओरडायचा, "दोन!" ही बोटं त्यांच्या अंगातच मुरली होती. भाजीवाल्याशी मेथी आणि शेपूबद्दल बोलतानाही ती वर जायची.

दाखले मात्र विलायतेतले नसत. शेड आणि शॅडो: "स्टेशनबाहेर लिंबाखाली बसता ती शेड. घरी जाताना पाठीमागे लागते ती शॅडो. शेडमध्ये बसता येतं. शॅडोत बसून दाखवा बरं." हिअर आणि लिसन: "नोटांच्या प्रेसचा भोंगा हिअर होतो, त्याला तुमची परवानगी लागत नाही. माझं मात्र लिसन करायचं असतं, आणि तेच तुम्ही करत नाही." आमच्या शाळेत वर्गांच्या मध्ये लाकडी पडदे होते. मी इकडे मोसमी वाऱ्यांचा नकाशा काढायचो आणि पलीकडून जोडी ऐकू यायची. माझी मुलंही कान तिकडेच लावून बसायची. खोटं कशाला बोलू, मीही.

शिक्षकांच्या खोलीत चहा यायचा तेव्हा सर कपाटातून स्वतःचा स्टीलचा पेला काढायचे, त्यात चहा घ्यायचे, स्वतः विसळून परत ठेवायचे. मला वाटायचं, टापटीप माणूस आहे. आता वाटतं, ती सवय टापटिपीची होती, की कुठल्यातरी जुन्या शाळेत कुणीतरी लावलेली? मी विचारलं नाही. आता सांगतो ते सगळं असंच आहे: जे विचारायला नको होतं ते विचारलं, आणि जे विचारायचं होतं ते राहिलं.

मला ते अधूनमधून भूगोलावरून छेडायचे.

"काय नेवरेकर, गोदावरीचा उगम कुठे?"

"ब्रह्मगिरी. त्र्यंबकला."

"तिथं धार केवढी?"

"बारीक. करंगळीएवढी म्हणा."

"आणि नाशिक सोडून खाली गेलं की?"

"मोठं पात्र आहे सर."

"मग मधलं पाणी आलं कुठून?"

"दारणा मिळते, कादवा मिळते..."

"बघा. पाणी दारणेचं, कादवेचं, आणि उगम विचारतात तो करंगळीचा. बाकीच्या पाण्याला कुणी विचारतच नाही, बाई तू कुठली? मज्जा आहे की नाही?"

मी हसायचो. त्यांना हसू हवं होतं की उत्तर, हे तेव्हाही कळायचं नाही.

नेटिव्ह आणि ओरिजिनची जोडी मी पहिल्यांदा ऐकली ती त्याच पडद्यापलीकडून. वर्ष सुरू होत होतं आणि सरांनी एकेका मुलाला उभं करून विचारलं, "तुझं नेटिव्ह सांग." कुणी सिन्नर म्हणालं, कुणी निफाड. बागूल नावाचा एक मुलगा बागलाणातून नुकताच आला होता. तो ठणकावून अहिराणीत म्हणाला, "सर, मनं नेटिव्ह सटाणा शे."

वर्ग हशाने फुटला. सर हसले नाहीत. म्हणाले, "वाक्य बरोबर आहे. क्रियापद याच्या घरचं आहे, ते राहू दे. बस." मग खडूचा आवाज आला, चौकट, दोन शब्द. आणि ते म्हणाले, ते मला आजही शब्दाशब्दाने पाठ आहे: "जिथून आपण निघालो ते ओरिजिन. ते एकच असतं, ते बदलत नाही, चांगलं असो वाईट असो. आणि जिथं आपल्याला 'तुम्ही कुठले?' असं कुणी विचारत नाही, ते नेटिव्ह. ओरिजिन प्रत्येकाला असतंच. नेटिव्ह असेलच असं नाही. काहींना ते मिळवावं लागतं."

"दोन!" वर्ग ओरडला. बोटं फाकली असणार.

त्यांच्या घरी मी जाऊ लागलो तो पेपर तपासायच्या निमित्ताने. रुळांच्या पलीकडे पत्र्याच्या दोन खोल्या, भाड्याच्या. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली निरांजन नाही, फक्त एक मेणबत्ती आणि ताजी फुलं. दारात तुपाच्या जुन्या डब्यात कढीपत्ता. वहिनी, म्हणजे शांताबाई, फोडणीच्या वेळी हात बाहेर काढून दोन डहाळ्या तोडायच्या. डबा गंजला होता, झाड मात्र कमरेएवढं झालं होतं. सर प्रत्येक खोली बदलताना तो डबा सायकलच्या कॅरियरवर बांधून आणायचे.

"जमिनीत का लावत नाही?" मी विचारलं.

"जमीन कुणाची? मालक म्हणतो, मुळं भिंतीत जातील. कुंडी-डब्याचं बरं असतं नेवरेकर, उचलता येतं. आणि उचलता येतं म्हणूनच लोक उचला म्हणतात."

वहिनी आतून म्हणाल्या, "ह्यांचं काय ऐकता. रोज त्या झाडाला सांगतात, तुला एकदा जमिनीत लावीन."

त्याच सुमारास आम्ही काही शिक्षक आणि प्रेसमधले काही क्लार्क मिळून जेल रोडच्या बाजूला जमीन घेत होतो. हौसिंग सोसायटी. तेव्हा तिकडे द्राक्षांचे मांडव होते आणि संध्याकाळी सायकलवर जायलाही नको वाटायचं. प्लॉट पाडले, नावं लागली. माझंही लागलं. एका सभासदाची बदली झाली आणि त्याचा प्लॉट मोकळा राहिला. तो माझ्या प्लॉटला लागून होता.

चांदवडकर सरांनी मला कधी काही मागितलं नव्हतं. एक दिवस सायकल हातात धरून माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले. "नेवरेकर, तुमच्या त्या सोसायटीत एक प्लॉट आहे म्हणे. मला घ्यायचाय. पैशांचं मी बघितलंय. तुम्ही फक्त शब्द टाका." थांबून म्हणाले, "कढीपत्ता खाली उतरवायचाय."

मी म्हणालो, "झालंच समजा सर."

सोसायटीचे चेअरमन नानासाहेब. प्रेसमधून निवृत्त झालेले, सिन्नरकडचे, सगळ्यांच्या अडीनडीला धावणारे. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी दवाखान्यात रात्री जागून काढल्या होत्या. माणूस वाईट नव्हता. हे मी त्यांच्यासाठी लिहितो आहे की स्वतःसाठी, ते सोडा. मी सरांचं नाव सांगितलं तसे त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"चांदवडकर म्हणजे कुठले?"

"चांदवडचेच असतील की नाना."

"आमची मेव्हणी दिली हाय चांदवडला. मी इचारलं तिला. म्हणली, चांदवडकर नावाचं एक घर नाय गावात. मग हे मूळचे कुठले?"

"कशाला पाहिजे ते?"

"अहो, शेजार व्हायचाय. तुमचाच व्हायचाय, माझा नाय. कळायला नको?" मग जरा पुढे झुकले. "तुम्ही इचारा. पण मराठीत नको, बरं दिसत नाय. इंग्लिशमधून इचारा. इंग्लिशमध्ये कुणाला काय वाटत नाय."

आम्हाला काय विचारायचं होतं ते आज तरी सरळ लिहितो. आम्हाला जात विचारायची होती. 'मूळचे कुठले' ही तिच्याकडे जायची सभ्य बोळ. इंग्रजी त्या बोळीवरचा पडदा. आणि मला तर उत्तर माहीतच होतं. ती तसबीर मी पाहिली होती, तिच्याखाली बसून वरण-भात जेवलो होतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर पेला विसळत होते. खोलीत आम्ही दोघंच. मी खिडकीतून बाहेर बघत, सहज आठवल्यासारखं म्हणालो, "सर, बाय द वे... व्हॉट इज युवर नेटिव्ह?"

ते नळ बंद करून वळले. पेला उपडा ठेवला. हात पुसले, आणि ओलसर दोन बोटं जुळवून वर धरली.

"नेटिव्ह विचारताय की ओरिजिन?"

मी उगाच खिडकीची कडी चाळवली.

"दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, नेवरेकर. एक मला ठाऊक आहे, एक तुमच्या हातात आहे. काय विचारायचंय ते ठरवून या. मग सांगतो."

घंटा झाली. ते खडू घेऊन गेले. चेहऱ्यावर हसू होतं का? मला वाटतं होतं. पण ते कसलं होतं, हे मी इतक्या वेळा आठवून पाहिलं आहे की आता मूळचं हसू पुसून गेलं आहे आणि माझंच काहीतरी उरलं आहे.

मी ठरवून गेलो नाही. काय ठरवणार होतो? ओरिजिन विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं आणि मला ते नानांना सांगावं लागलं असतं. नेटिव्ह विचारलं असतं तर त्याचं उत्तर, ते म्हणाले तसं, माझ्याच हातात होतं. रविवारी सातवीच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन कमिटी बसली. नाना म्हणाले, "काय म्हणले तुमचे सर?"

मी म्हणालो, "सांगत नाहीत."

एवढंच. व्याकरणाने वाक्य बरोबर होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं. पण त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, मीच अर्धा प्रश्न टाकून आलो होतो. मला त्या क्षणी वाटलं, आपण त्यांना झाकलं. तो शब्द आपल्या तोंडून गेला नाही. बाकावरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं तेव्हा ध्यानात आलं की न सांगितलेलंच जास्त मोठ्याने ऐकू गेलं आहे. "सांगत नाय म्हणजे समजलं," नाना म्हणाले आणि पुढचा विषय घेतला, पाण्याच्या नळाचा. प्लॉट प्रेसमधल्या एका क्लार्कला गेला. आज आमचा शेजारी तोच आहे, चांगला आहे.

सुमनला प्लॉट सरांना मिळाला नाही एवढं ठाऊक आहे. 'सांगत नाहीत' हे मी म्हणालो, ते ठाऊक नाही. आणि मला हे ठाऊक नाही की ते म्हणताना मी खरोखर त्यांना झाकत होतो, की मलाच तो शेजार नको होता. त्यांच्या घरचं जेवण मला आवडायचं. मग? शेजार आणि जेवण ही पण एक जोडीच म्हणायची. मी बोटं जुळवून बघतो, फाकवून बघतो. समजत नाही.

सरांनी प्लॉटचं कधी विचारलं नाही. मीच एकदा चाचरत सुरुवात केली, "सर, त्या सोसायटीचं..." तर म्हणाले, "अहो, कढीपत्त्याला डबाच मानवलाय. परवा फुटवा आलाय नवा." म्हशींशी इंग्रजी चालू राहिलं, पेला चालू राहिला. फळ्यावरची जोडीही.

काही वर्षांनी बागूलचं लग्न निघालं, तोच तो सटाण्याचा. आता मालेगावात त्याचे यंत्रमाग होते. त्याने स्वतः येऊन सरांना आणि मला आमंत्रण दिलं. आम्ही एस.टी.ने निघालो. चांदवड मागे पडलं आणि राहूडच्या घाटात गाडी गरम झाली. ड्रायव्हर पाणी आणायला गेला, लोक खाली उतरून बिड्या ओढायला लागले. सर रस्त्याच्या कडेने पुढे चालत गेले, एका दगडापाशी थांबले, परत आले.

"हा नाही," म्हणाले.

"काय नाही?"

"माझा दगड." आणि मग न विचारताच, उन्हात उभ्या उभ्या, त्यांनी ते सगळं सांगितलं ज्यासाठी मला इंग्रजी वापरावं लागलं होतं. आई-वडील रस्त्याच्या कामावर. आग्रा रोडवर खडी फोडायची, काम पुढे सरकलं की पालं पुढे सरकायची. आईला कळा आल्या त्या खडीच्या ढिगाशी, मैलाच्या दगडाच्या सावलीत. "म्हणून नाव दगडू. डी. म्हणजे दगडू. मुलं डी. म्हणजे दिगंबर समजतात, समजू दे."

"आणि चांदवडकर?"

"शाळेत घालायला वडील चांदवडला घेऊन गेले. मास्तर म्हणाले, गाव? वडिलांनी इकडे तिकडे बघितलं. गाव म्हणावं असं काय होतं? म्हणाले, हेच. मास्तरांनी लिहिलं चांदवडकर. आमचा मुक्काम पावसाळ्यानंतर उठला, आडनाव तेवढं बरोबर आलं." ते हसले. "चांदवडात जाऊन चांदवडकर शोधाल तर सापडायचा नाही. गावात राहणाऱ्याला कशाला लागतं गावाचं नाव? ते सोडून गेलेल्याला लागतं."

नानांच्या मेव्हणीचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं की काय? की सहज म्हणाले? त्यांचा चेहरा नेहमीचाच होता.

"मग तुमचा दगड कुठला, ठाऊक आहे?"

"आईने सांगितलं होतं, पण आता त्याचा काय उपयोग? मैलाचे दगड सरकारनं काढले, किलोमीटरचे लावले. माझं जन्मस्थान मेट्रिक झालं, नेवरेकर." आणि खो खो हसले. बिड्या ओढणारी दोन माणसंही उगाच हसली. मी हसलो की नाही, आठवत नाही.

लग्नाच्या पंगतीत बागूल नवरदेव असूनही स्वतः वाढत होता. त्याचा धाकटा भाऊ आमच्यासमोर बसला होता. तोही आमच्याच शाळेचा, चार-पाच वर्षं मागचा. बोलता बोलता बागूल म्हणाला, "सर, तुमची ती जोडी मी मागांवरच्या कामगारांनाही सांगतो. जिथं कुठला म्हणून कुणी विचारत नाही ते नेटिव्ह. मनं तर आता मालेगावच नेटिव्ह शे."

धाकटा म्हणाला, "काय दादा, काहीपण. सरांनी आम्हाला सांगितलं होतं, दोन्ही एकच. परीक्षेत कुठलाही शब्द लिहा, मार्क मिळतील." त्याने दोन बोटं वर धरली, जुळलेली. फाकवली नाहीत. "असं करून दाखवलं होतं सरांनी."

"चल, खोटं नको बोलू. सर असं म्हणतीलच कसं?"

"विचार ना सरांनाच. समोर बसलेत."

दोघं भाऊ सरांकडे बघायला लागले. मी पानाकडे. सर म्हणाले, "तू पास झालास ना? आणि तू? मग जिलबी वाढ."

मी मनात वर्षांचा हिशेब लावला. धाकट्याचा वर्ग नेमका त्या रविवारच्या नंतरचा. ज्या माणसाने हयात शब्दाशब्दांतला फरक दाखवण्यात घालवली, त्याने एका जोडीपुरती बोटं मिटून घेतली होती. बाकी कुठल्या जोडीला नाही, ह्याच. मी जिलबी पानाच्या कडेला सारली.

परतीच्या गाडीत मी ठरवलं, विचारायचंच. पण सर खिडकीला डोकं टेकून झोपले होते. किंवा डोळे मिटून बसले होते. हे दोन्ही एकच दिसतं.

मी हे सगळं एकदाच कुणाजवळ तरी काढलं, ते नानासाहेबांजवळ. त्यांचे शेवटचे दिवस होते, मी भेटायला गेलो होतो. ते म्हणाले, "तुम्ही उगा जिवाला लावून घेतलं. ते सर आधीच आले होते माझ्याकडं. म्हणले, मला नको तो प्लॉट."

मी उडालोच. "कधी? मीटिंगच्या आधी?"

"आधीच. म्हणजे... आधी का नंतर, आता ध्यानात नाय बघा."

"आधी आले असतील तर मला विचारायला का पाठवलंत?"

"तेबी खरंच की," नाना म्हणाले आणि कुशीवर वळले. आठवून सांगितलं की माझी समजूत घालायला सांगितलं, हे त्यांच्याबरोबर गेलं. आधी असेल तर माझ्या वाक्याने काहीच बिघडलं नव्हतं. नंतर असेल तर सगळंच. या आधी-नंतरच्या मध्ये मी अजून उभा आहे.

सर निवृत्त झाले तेव्हा परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे परिचय एकाच वाक्याने सुरू होतो: सर मूळचे अमुक गावचे. मी आदल्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेलो. बांधाबांध चालली होती. मालेगावला मुलीकडे जायचं ठरलं होतं. कढीपत्त्याचा डबा दारात, सुतळीने बांधलेला.

"सर," मी म्हणालो, "तुम्ही एकदा म्हणाला होतात, ठरवून या."

"काय ठरवून?"

"नेटिव्ह की ओरिजिन."

"मी? कधी?" ते खरंच आठवून बघत होते, निदान तसं दिसलं. "नाही बुवा. वर्गात म्हणालो असेन."

इतकी वर्षं मी जे वाक्य वागवत होतो ते ज्याने म्हटलं त्याच्याकडे नव्हतंच. की होतं, आणि देत नव्हते? मी धीर करून म्हणालो, "सर, त्या सोसायटीच्या वेळी मी कमिटीत..."

"तुम्ही कुठले हो, नेवरेकर?" ते मध्येच म्हणाले.

"मी? मूळचा नेवऱ्याचा. रत्नागिरीकडे."

"किती वेळा गेलात?"

"कधीच नाही. आजोबांच्याही आधी कुणीतरी सोडलं. मी पाहिलेलं नाही गाव."

"आणि कुणी पुरावा मागितला नाही?"

"नाही."

"मग तुमचं नेटिव्ह पक्कं." ते इतकं मोकळं हसले की वहिनी आतून बघायला आल्या. "उद्या सांगा, सर मूळचे सरकारी रस्त्याचे. आग्रा रोड. बघा टाळ्या येतात की नाही."

वहिनींनी चहा आणला. स्टीलच्या पेल्यांतून, मला एक, त्यांना एक.

समारंभात मी माईकसमोर उभा राहिलो. मुख्याध्यापक, पाहुणे, पुढच्या रांगेत सोसायटीचेही दोघं-तिघं. मी म्हणालो, "सर मूळचे चांदवडचे." टाळ्या पडल्या. शाल गुडघ्यावर घेऊन बसलेले सर माझ्याकडे बघत होते. रागावले होते, हसत होते, की मला सोडून देत होते, मला वाचता आलं नाही. मी त्यांना पुन्हा एकदा झाकलं होतं. आणि ह्या वेळी तर त्यांनी स्वतः उघडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर पोचवायला गेलो. डबा मी उचलला होता. ट्रंका टपावर गेल्या, पण डबा टपावर ठेवायला सर तयार होईनात. खिडकीशी बसले, मांडीवर डबा, डहाळ्या खिडकीबाहेर. वहिनी पलीकडच्या बाकावर.

"मालेगावला अंगण आहे ना?" मी खालून विचारलं.

"मुलीचा वरचा मजला आहे," सर म्हणाले. "गच्ची आहे मोठी."

कंडक्टरने घंटी दिली. त्यांच्या शेजारी फेटेवाला एक म्हातारा येऊन बसला, पिशवी पायाशी घेतली, झाडाकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि सगळेच विचारतात तसं मोठ्याने विचारलं, "कुठलं पाव्हणं?"

इंजिन सुरू झालं होतं. सरांचे ओठ हलताना दिसले. एका शब्दाचं उत्तर नव्हतं ते, काहीतरी समजावून सांगणं चाललं होतं. डाव्या हाताने डबा धरलेला. उजवा हात वर आला आणि कढीपत्त्याच्या पानांमधून मला त्यांची दोन बोटं दिसली, जुळलेली. म्हातारा मान पुढे काढून बघत होता. मीही बघत होतो, गाडीबरोबर चार पावलं चाललोही.

गाडी वळली. बोटं फाकली की नाही, ते मला दिसलं नाही.

धाकटी अजून पुस्तक घेऊन बसली आहे.